विचारायला माणूस हवा

फेब्रुवारीतला शनिवार होता. बाहेर रात्रभर बर्फ पडलेला, ड्राइव्हवे साफ करायचा कंटाळा आणि हातात दुसरा चहा. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर भारतातला एक अनोळखी नंबर वाजला. आमच्याकडे मिशिगनमध्ये सकाळचे साडेनऊ, म्हणजे पुण्यात रात्रीचे आठ.

"साहेब, ओळखलंत का? भोसरीचा मामा बोलतोय."

आवाज ओळखायला दोन सेकंद लागली, पण चेहरा लगेच डोळ्यांसमोर आला. खाकी शर्ट, वरच्या खिशात पट्टी आणि खडू. त्यांना सगळा कारखाना 'मामा' म्हणायचा. जवळजवळ पंचवीस वर्षांनी त्यांचा आवाज ऐकत होतो.

थोड्या चौकशा झाल्या आणि मामा मुद्द्यावर आले. चाकणला त्यांचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, चार प्रेस आहेत. मुलगा इंजिनीयर झाला. त्याने जुन्या प्रेसवर बसवता येईल अशी एक पेटी बनवली आहे. पत्र्याची पट्टी नीट पुढे सरकली नाही किंवा कापलेला तुकडा डायमध्ये अडकला, तर पुढचा ठोका पडायच्या आत ती पेटी प्रेस थांबवते. अशी उपकरणं परदेशी कंपन्या विकतात, पण छोट्या वर्कशॉपला ती परवडत नाहीत. "पोराची पेटी आमच्याकडे सात महिने चालू आहे," मामा म्हणाले. "पण आम्हाला बरी वाटते म्हणून ती बरी, असं नाही ना. तिकडे या कामातला कुणी जाणकार असेल तर एक ओळख करून द्याल का? ऑर्डर नको, साहेब. नुसतं बघून सांगू दे."

मी म्हणालो, "बघतो."

पुण्यात वाढलेल्या माणसाला 'बघतो'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मामांनाही तो समजला असणार. "हो हो, सवडीने बघा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी असं का म्हणालो, हे सांगायचं तर १९९५ सालात जावं लागेल.

त्या वर्षी मी भोसरीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर होतो. वय अठ्ठावीस. सहा प्रेस, एक टूलरूम, चाळीसेक माणसं. एका दुचाकी कंपनीला आम्ही पत्र्याचे भाग पुरवायचो. आमचे मालक जुन्या पिढीतले. त्यांच्या टेबलावर एक काळी डायरी असायची आणि कारखान्याचा खरा आधार ती डायरी होती. पोलाद कुणाकडे मिळेल, वीज मंडळात कुणाला भेटायचं, एक्साइजचा कोण साहेब बदलून आला, दिल्लीत कुणाच्या ओळखीने कागद हलतो, हे सगळं तिच्यात होतं.

आज हे ऐकून नाक मुरडणं सोपं आहे. पण १९९१ पूर्वी कारखाना चालवणाऱ्याला दुसरा इलाज काय होता? यंत्र आणायला परवाना, उत्पादन वाढवायला परवाना. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत होते, त्यामुळे बनवलेला माल विकला जाणारच होता. डोकं लावायचं ते कच्चा माल आणि कागदपत्रं मिळवण्यात. चांगला मॅनेजर म्हणजे ज्याच्या ओळखी चांगल्या तो. फक्त एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. त्या अख्ख्या डायरीत 'हे काम दुसऱ्या रीतीने कसं करता येईल' असं विचारण्याजोगा एकही नंबर नव्हता.

पुढे इथे कामावर असताना संध्याकाळी एमबीए केलं, तेव्हा याच विषयावर अभ्यास झालेले आहेत हे कळलं. माइक पेंग आणि यादोंग लुओ या दोन संशोधकांचा चीनमधल्या कंपन्यांवरचा एक निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. व्यवस्थापकांच्या ओळखी दोन प्रकारच्या, असं ते म्हणतात: एक दुसऱ्या कंपन्यांतल्या व्यवस्थापकांशी, दुसरी सरकारी अधिकाऱ्यांशी. दोन्हींचा कंपनीच्या कामगिरीला उपयोग होतो, असं त्यांना आढळलं. जिथे कायदे, बाजार, सल्लागार, चाचणीच्या सोयी अजून नीट उभ्या राहिलेल्या नसतात, तिथे ती उणीव माणसं भरून काढतात. वाचताना मला मालकांची काळी डायरी आठवली. पण हेही वाटलं की पहिल्या प्रकारच्या ओळखीतून नवं काहीतरी शिकता येतं. दुसऱ्या प्रकारातून बहुतेक वेळा फक्त अडलेलं काम सुटतं.

तर १९९५. परवाने गेले होते, नव्या कंपन्या येऊ घातल्या होत्या, आणि आमच्या गिऱ्हाईक कंपनीने एके दिवशी सांगितलं, "महिन्याचा माल एकदम आणून टाकू नका. रोज थोडा थोडा, लागेल तसा द्या." ऐकायला साधी गोष्ट. पण आमच्या प्रेसवर एक डाय काढून दुसरी बसवायला अडीच तास लागायचे. महिन्यातून एकदा बदलायची तर ठीक. रोज चार वेळा बदलायची म्हणजे दहा तास प्रेस नुसते उभे.

कशात जायचे हे अडीच तास? प्रेस थांबवायचा, मग डाय आणायला माणूस जायचा. क्रेन दुसरीकडे अडकलेली असायची. बोल्ट चार मापांचे, त्यामुळे पाने चार, आणि त्यातला एक नेहमी हरवलेला. प्रत्येक डायची उंची वेगळी, म्हणून प्रेसचा रॅम दर वेळी अंदाजाने खालीवर करायचा. मग पहिला नग काढून तो तपासायला क्वालिटीवाला येईपर्यंत बिडी.

मी माझ्या ओळखीच्या सगळ्यांना विचारलं. आमचा आठ जणांचा कंपू होता. सगळे एकाच कॉलेजचे, सगळे भोसरी-चिंचवड पट्ट्यात नोकरीला. रविवारी सकाळी फर्ग्युसन रस्त्यावर 'वैशाली'त बसायचो. आठही जणांचं उत्तर एकच होतं: "अडीच तास? आमच्याकडे तर तीन लागतात." इडली संपली, चर्चाही संपली. कुणी चुकीचं सांगत नव्हतं. पण एकच पुस्तक वाचून परीक्षेला बसलेल्या आठ जणांनी एकमेकांचे पेपर बघण्यासारखंच होतं ते.

मराठा चेंबर पुण्यात १९३४ पासून आहे. टिळक रस्त्यावरच्या त्यांच्या कार्यालयात छोट्या उद्योगांसाठी दोन-तीन दिवसांचे वर्ग व्हायचे. मालकांना ते आवडायचं नाही. तिथे सगळे प्रतिस्पर्धी भेटतात, आपली गुपितं फुटतात, असं त्यांचं मत. मी रजा टाकून गेलो. ओळख करून देताना मी म्हणालो, "मी प्रेस सांभाळतो." शेजारचे पन्नाशीचे गृहस्थ खूश होऊन म्हणाले, "मीही प्रेसवालाच!" जेवायच्या सुट्टीत कळलं की त्यांचा प्रेस म्हणजे शनिवार पेठेतला छापखाना.

हसलो दोघेही. पण बोलणं सुरूच राहिलं, आणि मी माझं रडगाणं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, दिवाळी अंकांच्या दिवसांत आमच्याकडे एका मशीनवर दिवसाला किती कामं बदलतात माहीत आहे? मशीन थांबवून मग प्लेट शोधायला लागलो तर अंक संक्रांतीला निघतील. मशीन चालू असतानाच पुढचं सगळं बाजूला मांडून ठेवायचं. थांबल्यावर फक्त बदलायचं." आणि म्हणाले, "या एकदा बघायला."

मी गेलो. तो छापखाना माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होता. पुढच्या कामाच्या प्लेटा, शाई, कागद, पाने, सगळं एका ढकलगाडीवर क्रमाने लावलेलं. मशीन थांबलं, दोन माणसं दोन बाजूंनी भिडली आणि चहा गार व्हायच्या आत मशीन पुन्हा सुरू झालं.

याला शास्त्र आहे आणि नावही आहे, हे मला नंतर कळलं. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनीयरने ते मांडलं. १९६९ साली टोयोटाच्या एका हजार टनी प्रेसवर डाय बदलायला चार तास लागत. ते काम त्यांनी आधी दीड तासावर आणि शेवटी तीन मिनिटांवर आणलं. त्यांचं गमक तेच होतं: मशीन थांबल्यावरच करावी लागणारी कामं कोणती आणि मशीन चालू असताना करता येणारी कोणती, हे आधी वेगळं करा. त्यांचं पुस्तक इंग्रजीत १९८५ मध्येच आलं होतं. ज्ञान जगात होतं, छापलेलं होतं, फक्त भोसरीच्या आमच्या गल्लीपर्यंत पोचलं नव्हतं. माझ्यापर्यंत ते आलं ते शनिवार पेठेतून, दिवाळी अंक छापणाऱ्या माणसाकडून.

दुसऱ्या दिवशी मी प्रेसवरच्या माणसांना गोळा केलं आणि उत्साहाने फळ्यावर आकृत्या काढून सगळं समजावलं. सगळे ऐकत होते. मामा सगळ्यांत मागे उभे. ते काही न बोलता गेले, आपलं लोखंडी कपाट उघडलं आणि एक वही आणि चार ठोकळे घेऊन आले.

वहीत प्रत्येक डायची उंची मिलिमीटरमध्ये लिहिलेली होती. ठोकळे टूलरूममधल्या भंगारातून घासून बनवलेले होते. बुटक्या डायखाली ते सारले की सगळ्या डाय एकाच उंचीच्या होतात आणि रॅम हलवावाच लागत नाही. मामा रात्रपाळीला हे गुपचूप वापरत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील. एकदा सुपरवायझरना सांगितलं होतं. म्हणाले, ड्रॉइंगमध्ये नाही ते करू नको."

माझ्या केबिनपासून मामांचा प्रेस वीस पावलांवर होता.

त्यानंतर आठ महिन्यांत अडीच तासांचे पस्तीस मिनिटं झाले. ढकलगाडीची कल्पना छापखान्याची, ठोकळे आणि वही मामांची, सगळे बोल्ट एका मापाचे करायचा आग्रह माझा. गिऱ्हाईक कंपनीचे लोक बघायला आले. मग एका परिसंवादात मला बोलवलं गेलं. मी बावीस पारदर्शिका बनवल्या, टाय लावला आणि वीस मिनिटं बोललो. छापखानावाल्या गृहस्थांचे आभार मानले. ते पहिल्या रांगेत बसले होते. मामांचं नाव घेतलं नाही. मुद्दाम नाही. 'आमच्या टीमने' असं म्हणालो आणि ते तेव्हा मला मोठ्या मनाचं वाटलं.

त्या परिसंवादात बसलेल्या एका माणसाने दोन वर्षांनी मला एका मोठ्या कंपनीत बोलावून घेतलं. तिथून २००१ साली डेट्रॉइटजवळच्या ऑफिसात. घर, मुलींची शिक्षणं, आज हा अंक ज्या खुर्चीत बसून वाचतो ती खुर्चीसुद्धा त्या वीस मिनिटांतून आली. मामा पुढची बारा वर्षं त्याच प्रेसवर राहिले.

मार्क ग्रानोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक निबंध प्रसिद्ध आहे. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याने नोकरीची बातमी दिली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? वरचेवर भेटणारा, असं सांगणारे सहात एक निघाले. बाकीच्यांना बातमी दिली होती ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाने. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी गोष्ट लांबच्या ओळखीतून येते. नोकरीचं जे, तेच कारखान्यातल्या नव्या कल्पनेचं. 'वैशाली'तले आठ जण मला जीव लावणारे होते, आजही आहेत. पण उत्तर मिळालं ते एकदाच जेवणाच्या रांगेत भेटलेल्या माणसाकडून.

यात आणखी एक अडचणीची गोष्ट आहे, तीही लिहायला हवी. आमच्या आठ जणांच्या कंपूत एकही बाई नव्हती. एकही आयटीआय झालेला माणूस नव्हता. आडनावं वाचली असती तर जेमतेम दोन-तीन पेठांत मावली असती. आम्ही कुणाला मज्जाव केला नव्हता, पण आत येण्याचं दारही कुठे नव्हतं. चेंबरच्या त्या वर्गाला मी रजा टाकून जाऊ शकलो. मामांना रजा मिळाली असती, पण बोलावणं कुणी दिलं असतं? ज्या देशात शिकवणाऱ्या संस्था आणि प्रयोगशाळा कमी, तिथे ओळखीवर फार काही अवलंबून असतं. म्हणूनच तिथे ओळख नसलेल्या माणसाचं नुकसानही जास्त होतं, आणि त्याच्याबरोबर कारखान्याचंही. मामांची वही दोन वर्षं कपाटात पडून राहिली, त्याची किंमत आम्ही रोज अडीच तासांनी मोजत होतो.

नंतर हे बदलायचे काही चांगले प्रयत्न झाले. १९९९ साली संयुक्त राष्ट्रांच्या युनिडो या संस्थेने सुट्या भागांच्या उत्पादकांची संघटना, फियाट कंपनी आणि पुण्याची एआरएआय यांच्याबरोबर छोट्या कारखान्यांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. पुढे अशा गटांचं चांगलं रुजलं: आठ-दहा कारखाने एकत्र येतात, एकमेकांच्या शॉपवर जाऊन बघतात. तैवानचं उदाहरण तर आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. तिथे १९८० साली शिंचू गावात विज्ञान उद्यान उभं राहिलं, आणि त्याला मोठा हातभार लावला तो कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या तैवानी इंजिनीयरांनी. कुणी परत गेले, कुणी नुसते येत-जात राहिले. दोन्हीकडची माणसं ओळखणारा माणूस तिथे भांडवलाइतकाच उपयोगी पडला.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी मामांना 'बघतो' म्हणालो.

मनाशी कारणं बरीच होती. कंपनीचे नियम आहेत, आणि ते खरेच आहेत. मुलाला मी ओळखत नाही. पेटी बोगस निघाली तर? आपण ज्याची ओळख करून देतो त्याच्याबरोबर आपलं नावही देतो, आणि परक्या देशात ते नाव कमवायला वीस वर्षं गेली आहेत. दोन आठवडे गेले. एकदा जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्या छापखानावाल्यांनी तुला आत घेतलं तेव्हा ते तुला किती ओळखत होते?"

मी ऑफिसातल्या कुणाला विचारलं नाही. आमच्या चर्चगेट-दादरच्या गप्पा जमतात अशा कुणालाही नाही. सात-आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालेला एक टूलमेकर आहे, इथल्याच स्टर्लिंग हाइट्सचा. चाळीस वर्षं प्रेसवर काढलेली, उजव्या हाताचं अर्धं बोट त्यातच गेलेलं. आमची ओळख म्हणजे नाताळचं कार्ड आणि दुकानात भेटलो तर हवापाण्याच्या चार गोष्टी. त्याला फोन केला. तो म्हणाला, "रविवारी रिकामाच असतो."

व्हिडिओ कॉल अर्ध्या तासाचा ठरला होता, दीड तास चालला. मी मध्ये दुभाषा म्हणून बसलो होतो, पण फारसं काम पडलं नाही. मुलाने प्रेस चालू करून दाखवला, मुद्दाम तुकडा अडकवला, प्रेस थांबला. म्हाताऱ्याने मान हलवली आणि विचारलं, "तुझ्या सेन्सरची तार तुटली तर पेटीला काय वाटतं?"

मुलगा थांबला. मग म्हणाला, "तिला वाटतं, सगळं ठीक आहे."

"मग हे उलटं कर. 'ठीक आहे' हा निरोप सतत यायला हवा. तो बंद झाला की मशीन थांबलं पाहिजे." आणि त्याने आपलं अर्धं बोट कॅमेऱ्यासमोर धरलं.

दुसरी चूक त्याने तेलाची सांगितली. प्रेसवर तेलाचा फवारा उडत असतो, सहा महिन्यांत सेन्सरवर थर बसेल, त्यावर झाकण हवं. बाकी काम चांगलं आहे, म्हणाला. ग्रँड रॅपिड्सला त्याचा एक जुना सोबती अशाच वस्तूंच्या धंद्यात आहे, त्यालाही त्याने कळवलं. त्यातून अजून तरी काही आलेलं नाही. पण मुलाने तार उलटी जोडली आहे आणि चाकणमधल्या आणखी दोन वर्कशॉपनी पेट्या लावून घेतल्या आहेत.

त्या रात्री मामांचा फोन आला. खूश होते. "साहेब, शाबासकी देणारे इथे पुष्कळ आहेत. चूक सांगणारा माणूस मिळाला."

मग मला राहवलं नाही. म्हणालो, "मामा, त्या परिसंवादात मी तुमचं नाव घ्यायला हवं होतं. ठोकळे तुमचे होते."

पलीकडे जरा वेळ शांतता होती. "मला माहीत होतं, साहेब. तुमचा भाषणाचा फोटो नोटीस बोर्डावर लावला होता ना. खाली ठोकळ्यांचं चित्रपण होतं. मी पोराला घेऊन आलो होतो एका रविवारी, दाखवायला. तेव्हा तो पहिलीत होता."

मी काहीच बोलू शकलो नाही. तेच म्हणाले, "बरं, बर्फ थांबला का तुमच्याकडचा?"

आपल्या मंडळाच्या यादीत अडीचशेच्या वर कुटुंबं आहेत. इस्पितळांत, गाड्यांच्या कंपन्यांत, विद्यापीठांत, बँकांत कामं करणारी. आपण एकमेकांना गणपतीत आणि दिवाळीत भेटतो आणि मुलांच्या कॉलेजबद्दल बोलतो. तुमच्याही फोनवर असा एखादा अनोळखी नंबर कधीतरी वाजला असेल, किंवा वाजेल. मी दोन आठवडे घेतले. तुम्ही इतके घेऊ नका.